सुरत महापालिकेचं ९,६०३ कोटींचं वर्ष : डिंडोलीच्या वाट्याला नेमकं काय येतं?

डिंडोली (सुरत) : नंदुरबार, धुळे, जळगाव या तिन्ही जिल्ह्यांत असं गाव सापडणं कठीण, जिथल्या कुणाचंच घर सुरतेत नाही. आधीच्या पिढीने लिंबायत-उधन्यात खोली घेतली. आता पुढच्या पिढीकडून 'डिंडोलीला घेतलं' असं जास्त ऐकू येतं. त्यामुळे सुरत महापालिकेने वर्षभरात काय केलं, ही बातमी गुजरातची असली तरी ती नवापूर, शहादा, अमळनेरातही घरची म्हणूनच वाचली जाते.

अडचण एवढीच, की ही बातमी येते ती मोठ्या आकड्यांत. इतक्या हजार कोटींचं बजेट, तितक्या किलोमीटरची मेट्रो, स्वच्छतेत देशात वरचा नंबर. यातलं पालिकेचं किती, सरकारचं किती, आणि डिंडोलीच्या सोसायटीपर्यंत पोहोचणारं किती, हे कुणी वेगळं करून सांगत नाही.

आकडा खर्चाचा नाही, अंदाजाचा

२०२५-२६ साठी सुरत महापालिकेचं मसुदा अंदाजपत्रक ९,६०३ कोटी रुपयांचं होतं. आदल्या वर्षी ते ८,७१८ कोटींचं आणि त्याच्या आदल्या वर्षी ७,७०७ कोटींचं होतं. म्हणजे दरवर्षी साधारण हजार कोटींची चढण. यातली साडेचार हजार कोटींच्या घरातली रक्कम भांडवली कामांसाठी, म्हणजे पूल, रस्ते, जलवाहिन्या, शाळा, दवाखान्यांच्या इमारती यांसाठी धरली आहे. उरलेली पगार, वीज, साफसफाई, दुरुस्ती अशा रोजच्या गाड्याला.

हे अंदाजपत्रक तयार कसं होतं, ते महाराष्ट्रातल्या वाचकाला फार परकं वाटणार नाही. कारण कायदा मुळात एकच आहे. १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायदा दोन्ही राज्यांना वारशाने मिळाला; पुढे दोघांनी त्याला आपापलं नाव दिलं, दुरुस्त्या केल्या. आयुक्त मसुदा मांडतात, स्थायी समिती त्यात कमी-जास्त करते आणि सामान्य सभा मंजुरी देते. फरक माणसांचा. जळगाव आणि धुळ्याच्या पालिकांत २०२३ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर कारभार प्रशासकाकडे गेला. सुरतेत त्या काळात निवडून आलेलं सभागृह होतं. फेब्रुवारी २०२१ च्या निवडणुकीत ३० वॉर्डांतून, प्रत्येकी ४ प्रमाणे, १२० नगरसेवक निवडले गेले; भाजप ९३ आणि आम आदमी पार्टी २७. डिंडोली त्या रचनेत दोन वॉर्डांत वाटली गेली : २६ नंबरचा गोडादरा-डिंडोली उत्तर आणि २७ नंबरचा डिंडोली दक्षिण.

अंदाजपत्रकाच्या पुस्तकात एक रकाना असतो, 'सुधारित अंदाज'. चालू वर्षात ठरवलं किती आणि प्रत्यक्षात होईल किती, हे तिथे कळतं. जानेवारी-फेब्रुवारीत मथळ्यात येतो तो पुढच्या वर्षाचा मोठा आकडा. डिंडोलीचा रस्ता मागच्या वर्षीच्या यादीत होता की नाही आणि तो झाला की पुन्हा नव्या यादीत चढला, हे मात्र सुधारित अंदाजाच्या रकान्यात शोधावं लागतं. नगरसेवकाला विचारायचा पहिला प्रश्न हाच.

पैसा कुठून येतो, तर घरपट्टी, पाणीपट्टी आणि इतर वापरशुल्क (सुरतेच्या बोलीत सगळं मिळून 'वेरो'), राज्याचं अनुदान, केंद्राच्या योजना आणि बांधकाम परवानग्यांची फी. जकात गुजरातने २००७ मध्येच बंद केली. तिच्या बदल्यात राज्य सरकार अनुदान देतं. अलीकडे पालिका बाजारातूनही पैसा उभा करते. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिने २०० कोटींचे हरित रोखे आणले आणि त्यांना मागणी त्याहून कितीतरी पट आली. सगळ्याच पालिकांना हे जमत नाही. त्यासाठी हिशेब वेळेवर आणि पत चांगली लागते.

डिंडोलीचं गटार, पांडेसऱ्याची मिल

सुरत पालिकेचं सर्वात चांगलं काम कोणतं, असं विचारलं तर लोक पूल दाखवतात. शहरात पूल शंभराहून अधिक आहेत, दिसतातही छान. पण खरं काम जमिनीखाली आहे आणि त्यातलं एक डिंडोलीतच आहे.

पांडेसरा आणि सचिनच्या डाइंग-प्रिंटिंग मिलना रोज प्रचंड पाणी लागतं. हे पाणी तापीतून किंवा बोअरवेलमधून घेतलं तर पिण्याच्या पाण्यावर ताण येतो. म्हणून पालिकेने घरांतून येणारं सांडपाणी आधी नेहमीसारखं शुद्ध करायचं आणि मग त्याच्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करून ते मिलना विकायचं, असा मार्ग काढला. पहिला प्रकल्प २०१४ मध्ये बमरोलीत उभा राहिला, रोज ४० दशलक्ष लिटरचा. नंतर बमरोलीत आणखी एक आणि डिंडोलीत एक. तिन्ही मिळून रोज सुमारे ११५ दशलक्ष लिटर प्रक्रिया केलेलं पाणी कारखान्यांना जाऊ शकतं. पाणी फुकट जात नाही. मिलवाले पैसे मोजतात आणि वर्षाला शंभर कोटींहून जास्त उत्पन्न पालिकेच्या तिजोरीत येतं.

म्हणजे गोष्ट अशी होते. डिंडोलीतल्या घरातून सकाळी जे पाणी मोरीतून जातं, तेच शुद्ध होऊन ज्या मिलमध्ये त्या घरातला माणूस पाळीवर जातो, तिथल्या साडीच्या रंगात वापरलं जातं. खान्देशातल्या कितीतरी नगरपालिकांचं सांडपाणी अजून सरळ नाल्यात आणि नाल्यातून नदीत जातं. सुरतेकडून शिकायचंच असेल तर पुलापेक्षा हे शिकावं.

पिण्याचं पाणीही तापीचंच. १९९५ मध्ये बांधलेल्या सिंगणपूरच्या विअर-कम-कॉजवेच्या वरच्या बाजूने ते उचललं जातं. ही तापी म्हणजे भुसावळ, सारंगखेडा, प्रकाशा करत आलेली आपलीच तापी. हतनूरचे दरवाजे उघडले की पाणी उकाईत येतं आणि उकाईतून सुडलं की सुरतेत. आता रुंढ-भाठा इथे नवा बॅरेज बांधला जातोय, जेणेकरून समुद्राचं खारं पाणी वर येऊ नये आणि गोडं पाणी अडून राहावं. त्याचा उपयोग शहर वाढत जाईल तसा डिंडोलीलाही होईल, पण तो आजचा नाही.

नदीचा पूर वेगळा, खाडीचा पूर वेगळा

गावाकडे टीव्हीवर 'सुरतेत पूर' दिसला की पहिला फोन डिंडोलीला लागतो आणि पहिला प्रश्न असतो, 'उकाईतून पाणी सोडलं का?' हा प्रश्न २००६ चा आहे. त्या वर्षी ७ ते ९ ऑगस्टला उकाईतून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावं लागलं आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. ती आठवण अजून ताजी आहे. त्यानंतर उकाईची पातळी पावसाळ्यात टप्प्याटप्प्याने राखण्यावर भर दिला गेला. धरणाची पूर्ण पातळी ३४५ फूट, तिथपर्यंत पावसाळ्याच्या सुरुवातीलाच पाणी जाऊ दिलं जात नाही.

पण जुलै २०२४ आणि जून २०२५ मध्ये जे पाणी घरांत शिरलं, ते तापीचं नव्हतं. ते खाडीचं होतं. सुरतेत 'खाडी' म्हणजे समुद्राची खाडी नव्हे. पूर्वेकडच्या पलसाणा, कामरेज, चौर्यासी तालुक्यांतल्या शेतांतून वाहत येणारे मोठे ओढे म्हणजे खाडी. मिठी खाडी, कोयली खाडी, भेदवाड खाडी, कांकरा खाडी. हे ओढे शहराच्या दक्षिण-पूर्व भागातून, म्हणजे बरोबर मराठी, हिंदी, उडिया कामगार वस्तीतून जातात आणि त्यांचं पाणी पुढे मिंढोळा नदीकडे उतरतं. वरच्या तालुक्यांत जोराचा पाऊस झाला, त्यात समुद्राला भरती असली, की पाण्याला पुढे सरकायला जागा राहत नाही. मग शहरात पाऊस थांबलेला असतो, ऊनही पडलेलं असतं आणि तरी लिंबायत, पर्वत पाटिया या भागांतल्या सखल गल्ल्यांत पाणी चढत असतं. २३ जून २०२५ च्या मुसळधार पावसानंतर हेच झालं. काही वसाहतींत पाणी उतरायला दिवस लागले.

उकाईचे दरवाजे बंद ठेवून हा पूर थांबत नाही. तो थांबवायचा तर खाडीचं पात्र रुंद आणि मोकळं पाहिजे, काठावरची भर काढली पाहिजे आणि वरच्या भागात कारखाने, गोदामं, वसाहतींसाठी शेतं भरून उंच केली जातात, त्यावर लगाम पाहिजे. यातलं पहिलं काम पालिकेचं. दुसरं पालिकेचं, पण तिथे घरं आहेत, म्हणून राजकारणाचंही. तिसरं पालिकेच्या हद्दीबाहेरचं. तिथे सुडा, म्हणजे नागरी विकास प्राधिकरण, आणि राज्य सरकार. प्रत्येक पुरानंतर तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात, तेव्हा त्यामागे ही वाटणी असते.

सगळी डिंडोली खाडीकाठी नाही, हेही खरं. पण प्लॉट बघायला उन्हाळ्यात येणाऱ्याला ओढा कोरडा दिसतो. शेजारच्या दुकानदाराला '२०२४ ला आणि २०२५ ला पाणी कुठवर आलं होतं?' एवढं विचारलं तर दलालाने न सांगितलेलं बरंच काही कळतं.

टीपी म्हणजे काय, आणि घर कागदावर कुठे आहे

डिंडोलीत रिक्षावाला, दलाल, नगरसेवक, सगळ्यांच्या तोंडी एक शब्द असतो, 'टीपी'. टीपी म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीम, नगररचना योजना. महाराष्ट्रात आपल्याला विकास आराखडा आणि त्यातली आरक्षणं माहीत असतात : शाळेसाठी, बागेसाठी कुणाची तरी जमीन आरक्षित होते आणि भूसंपादनाअभावी वर्षानुवर्षं तशीच पडून राहते. गुजरातने १९७६ च्या कायद्याने वेगळी वाट धरली. एका पट्ट्यातल्या सगळ्या शेतमालकांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, त्यातून रस्ते, बागा, शाळा, गरिबांची घरं आणि पालिकेला विकण्यासाठीचे भूखंड यांसाठी ५० टक्क्यांपर्यंत जागा काढायची आणि उरलेली जमीन मालकांना नव्या, चौकोनी आकाराच्या 'फायनल प्लॉट'च्या रूपात परत द्यायची. मालकाची जमीन घटते, पण रस्ता लागल्याने किंमत वाढते. कुणा एकाचंच सगळं जात नाही.

डिंडोली मूळचं चौर्यासी तालुक्यातलं गाव. सुरत शहराचं क्षेत्र २००६ च्या हद्दवाढीत ११२ चौरस किलोमीटरवरून ३२६ वर आणि २०२० मध्ये ४६० च्या पुढे गेलं. अशा झपाट्यात बऱ्याच ठिकाणी घरं आधी आली आणि टीपी नंतर. शेतमालकाने शेताचे तुकडे पाडले, दलालाने सोसायटीचं नाव दिलं, आणि मिलमध्ये राबणाऱ्या माणसाने गावाकडची शेती किंवा बायकोचे दागिने मोडून प्लॉट घेतला. पुढे टीपीचा रस्ता आखला गेला तेव्हा त्या रेषेत कुणाची भिंत आली, कुणाचं अख्खं घर.

म्हणून वर्षअखेरीस 'अमुक टीपीतला रस्ता खुला केला' अशी ओळ आली, की ती दोन्ही अर्थांनी वाचावी. कुणाला रस्ता मिळाला, कुणाची जागा गेली.

नवं घर घेणाऱ्या खान्देशी कुटुंबाला इथल्या कागदांची नावं कळत नाहीत, आणि फसवणूक बऱ्याचदा तिथेच होते. सातबारा दोन्हीकडे सातबाराच आहे. आपलं खरेदीखत म्हणजे इथला 'दस्तावेज'. आपली बिगरशेती, एन.ए. जमीन म्हणजे इथली 'बिनखेती'. आपलं भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे इथली 'बी.यू.', इमारत वापराची परवानगी. 'वेराबिल तुमच्या नावावर करून देतो' असं सांगून विकलेल्या घराचं काय? पालिका कर आकारते तो ताब्यावरून; कराचं बिल म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. दस्तावेज नोंदलेला नसेल तर दहा वर्षांची बिलं असूनही बँक कर्ज देत नाही.

बिल्डरकडून घेताना गुजरात रेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प बघता येतो. ८ हून जास्त घरं किंवा ५०० चौरस मीटरहून मोठी जमीन असेल तर नोंदणी सक्तीची आहे. परवानगीशिवाय झालेल्या बांधकामासाठी राज्याने ऑक्टोबर २०२२ मध्ये 'इम्पॅक्ट फी' भरून नियमित करण्याचा वटहुकूम आणला. पण टीपीच्या रस्त्यात किंवा पाण्याच्या प्रवाहात असलेलं बांधकाम त्यात बसत नाही. आणि एक फायद्याची गोष्ट : गुजरातेत घर बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का नोंदणी फी माफ असते.

पालिकेचं नसलेलं काम

निवडणुकीचं वर्ष जवळ आलं की पत्रकांत सगळी कामं एकाच रंगात छापली जातात. मेट्रो पालिकेची नाही. केंद्र-राज्याच्या गुजरात मेट्रो रेल कॉर्पोरेशनची आहे. दोन मार्ग, मिळून ४०.३५ किलोमीटर : सरथाणा ते ड्रीम सिटी आणि भेसाण ते सारोली. डिंडोलीत यातला एकही येत नाही. डिंडोलीकरासाठी खरी वाहतूक म्हणजे पालिकेच्या सिटीलिंकची बस आणि बीआरटीएस, जिचा पहिला मार्ग २०१४ मध्ये उधना दरवाजा ते सचिन असा सुरू झाला.

उधना स्टेशनचं नूतनीकरण रेल्वेचं. सप्टेंबर २०२५ मध्ये उधना-ब्रह्मपूर अमृत भारत गाडी सुरू झाली, तीही रेल्वेची. नवागाम-डिंडोलीचा ओव्हरब्रिज ज्या रुळांवरून जातो, ती उधना-जळगाव लाइन. असे रेल्वेवरचे पूल बहुतेकदा वाटून घेतलेल्या खर्चातून होतात, त्यामुळे उद्‌घाटनाच्या पाटीवर सगळ्यांचीच नावं. दवाखान्यांचंही तसंच. नंदुरबार-नवापूरहून पेशंट ज्या 'सिव्हिल'ला आणतात ते मजुरा गेटचं नवं सिव्हिल हॉस्पिटल राज्य सरकारचं. पालिकेचं ते स्मिमेर.

स्वच्छतेचा मान मात्र निर्विवाद पालिकेचा. १९९४ च्या प्लेगनंतर आयुक्त एस. आर. राव यांनी साहेबांना सकाळी रस्त्यावर उतरवलं आणि झोनना अधिकार दिले. ती घडी कमी-जास्त होत टिकली. स्वच्छ सर्वेक्षणात २०२३ चा पहिला क्रमांक सुरतने इंदूरसोबत वाटून घेतला आणि जुलै २०२५ मध्ये इंदूर, नवी मुंबईबरोबर ती 'सुपर स्वच्छ लीग'मध्ये गेली. त्याच वर्षी, फेब्रुवारीत, वरियावजवळ दोन वर्षांचं बाळ उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेलं. झाकण कुणी काढलं, कुणी बघितलं नाही, यावर चौकशी झाली, अधिकाऱ्यांवर कारवाईही झाली. पुरस्काराचे गुण आणि आपल्या गल्लीतलं झाकण यांचा हिशेब वेगवेगळा ठेवावा लागतो.

मराठी शाळा

सुरतची नगर प्राथमिक शिक्षण समिती सात माध्यमांत शाळा चालवते : गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू, इंग्रजी. पुढे पालिकेच्याच 'सुमन' माध्यमिक शाळा. देशात असं फार थोड्या ठिकाणी आहे आणि मराठी माणसाने हे उघडपणे मान्य केलं पाहिजे. लिंबायत-डिंडोलीकडून सुरतेच्या राजकारणात वर आलेल्या मराठी मंडळींचा आवाजही त्यामागे आहे. नवसारीचे खासदार सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले, लिंबायतच्या आमदार संगीता पाटील २०१२ पासून निवडून येतात.

पण वर्ग टिकतो तो पटावर. आई-वडील इंग्रजी माध्यमाकडे वळले की मराठीचा पट उतरतो आणि मग दोन शाळा एकत्र करण्याची वेळ येते. २०२३ च्या कायद्याने गुजरातेत पहिली ते आठवी गुजराती विषय सक्तीचा झाला, जसा महाराष्ट्रात २०२० मध्ये मराठी झाला. त्यामुळे मराठी शाळेतल्या मुलालाही गुजराती येणार, ही भीती नव्हे, सोयच आहे : शाळा मराठी, नोकरीला गुजराती, आणि इंग्रजी दोन्हीकडे. प्रवेशाच्या वेळी, जूनमध्ये, आपल्या झोनमधल्या मराठी शाळेत या वर्षी पहिलीचा पट किती, हे विचारणारे पालक थोडे आहेत.

नाव कुठल्या यादीत?

डिंडोलीतल्या अनेक घरांत मतदार यादीतलं नाव गावाकडे असतं. ग्रामपंचायतीला, जिल्हा परिषदेला लोक गाडीने जाऊन मत देऊन येतात. काहींची नावं दोन्हीकडे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही आणि नाव नोंदताना खोटी माहिती दिली तर शिक्षेचीही तरतूद आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये गुजरातेत मतदार यादीची विशेष सखोल तपासणी, म्हणजे एसआयआर, सुरू झाली तेव्हा हा प्रश्न घराघरांत आला : नाव शिंदखेड्याला ठेवायचं की सुरतेला?

निवड ज्याची त्याची. पण २६ आणि २७ नंबर वॉर्डात खाडी कुणी मोकळी करायची, टीपीचा रस्ता कुठून न्यायचा, मराठी शाळेला खोल्या किती, हे ठरवणारा नगरसेवक त्या वॉर्डाच्या यादीतल्या नावांकडे बघतो, तिथे राहणाऱ्या डोक्यांकडे नाही. गावाकडचं नाव सुरतेला आणायचं असेल तर नमुना क्रमांक ८ भरावा लागतो, राहत्या पत्त्याच्या पुराव्यासह. पहिल्यांदाच नोंदणाऱ्या, अठरा पूर्ण केलेल्या मुलामुलींसाठी नमुना ६. दोन्ही अर्ज ऑनलाइन भरता येतात आणि आपल्या भागातल्या बीएलओकडेही देता येतात.